कसरवाले काकाजी

दिग्रसात कोणाच्याही घरी गेले की दौलतकाकाजी पाणी मागत नसत, पेटी मागत. "पानी राहू दे सूनबाई, पयले पेटी उघड." कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरकीतून निवृत्त झालेला, बायको वारलेला हा आमचा शेजारी. दुसऱ्यांच्या पेट्यांत डोकं घालून कपडे कुरतडणारी कसर शोधायची, एवढाच उद्योग उरलेला. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाचा कोटच उजेडात धरला. "मांगून आनला दिसते. भोकं जुनी हायेत."

मी तेव्हा सफाईची पत्रकं वाटत फिरे. 'कसरीची पाकोळी दिसताच ठार करा!' हे वाक्य माझंच. काकाजींनी ते भर बाजारात मोठ्यानं वाचलं.

"अबे, त्या पाकोळीले खायचं तोंडच नाही! लोकर खाते तिची अळी. तू मायले कायले फासावर देऊन राह्यला? अन् ते चांदीवानी किडं सुळकन पळते ना, ते कांजी चाटते. त्याले परटाकडचं कडक धोतर पाह्यजे. बालिष्टर हाय थो!"

लोक खो खो हसले. मी चिडलो, पण पत्रक बदललं. आता त्यात काकाजींचा मंत्र होता: मळकं कापड ठेवू नका, घामाचा न् तेलाचा डाग म्हणजे अळीला वाढलेलं ताट, धुवा आणि उन्हात टाका. तो मंत्र ते दारोदार इतका म्हणत की बाया त्यांना लांबून पाहूनच दार लोटत. काकाजी पुढच्या दाराशी जात.

हिवाळ्यात एकदा नवी पत्रकं द्यायला त्यांच्याकडे गेलो. ते स्वतःच्या पेटीपुढे बसले होते. मांडीवर काकूंची तांबडी लोकरी शाल, शेवटच्या दुखण्यात पांघरलेली. घडीघडीत अळ्या.

माझं डोकंच फिरलं. गावाला उपदेश आणि घरात ही घाण!

"काकाजी, लाज वाटत नाही? द्या इकडे, आत्ता धुऊन आणतो."

त्यांनी शाल पोटाशी धरली.

"नको रे बाबू. तिच्या तेलाचा वास हाय अजून. धुतली तं निस्ती शाल राहीन. मंग मी बसू कोनासंग?"

"अशी ठेवली तर चाळण होईल तिची!"

"मालूम हाय. मलेच नाही मालूम तं कोनाले?"

हातातली पत्रकं बाजूला ठेवली. मी खाली बसलो, शालीचं एक टोक ओढलं आणि अळी चिमटीत धरली.

"थांब," काकाजी म्हणाले. "इकडं तिचं डोकं राहे. इथल्या मी काढतो. तू पायाकडून घे."