एटण्णाचे उलटसुलट बिदर

ज्या वस्तूचे चित्र काढायचे तिच्याकडेच पाठ करून बसणारा चित्रकार माझ्या पाहण्यात एकच आला. बिदरच्या चौबारा नावाच्या जुन्या मनोऱ्याजवळ, भर बाजारात, हा गृहस्थ चौबाऱ्याकडे पाठ करून तिपाईवर बसे. समोर काठीला दाढीचा आरसा टांगलेला, मांडीवर तांब्याचा पत्रा, हातात सुई. तो आरशात पाही आणि पत्र्यावर ओरखडे काढी. येणारेजाणारे प्रथम त्याच्याकडे पाहत, मग आरशात, आणि शेवटी आपापल्या केसांकडे. आरसा फुकटचा असल्यामुळे तेथे भांग पाडणाऱ्यांची नित्य गर्दी असे.

नाव एतियेन, देश फ्रान्स. शहरांची दृश्ये कोरणे हा त्याचा व्यवसाय. पत्र्याला मेणाचा लेप द्यायचा, त्यात सुईने शहर रेखायचे, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जेथे रेघ तेथे तेजाब तांबे खाते. त्या चरांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. स्वतःच्या देशातली अनेक शहरे अशी तेजाबात बुडवून झाल्यावर बिदरी नक्षीकाम पाहण्यासाठी तो आठवडाभराच्या बोलीने येथे आला आणि राहूनच गेला. आमच्या घराची माडी त्याने भाड्याने घेतली. त्या काळी आमचे राज्य म्हैसूर, कचेरी कानडी, बाजार दखनी आणि घर मराठी अशी व्यवस्था होती. तीत एका फ्रेंच माडीची भर पडली. 'एतियेन' हा उच्चार कोणाच्या जिभेवर बसेना. शेजारचे कापडदुकानदार लिंगप्पा यांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'एटण्णा' केला.

माझी अडचण निराळी होती. मी हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे.

"एटण्णा," मी त्याला समजावले, "रामेण म्हणजे रामाने, देवेन म्हणजे देवाने. तसे एतियेन म्हणजे एतियाने. आपले नाव जन्मतःच तृतीया विभक्तीत पडलेले आहे."

"मग मी पहिलीत कवा जाणार, शास्त्रीजी?"

"प्रथमा कर्त्याची असते."

"मी कर्ता न्हाई?"

"तूर्त आपण भाडेकरू आहात."

मराठी तो माझ्याकडून शिकला नाही, हे माझे चिरंतन दुःख. मी त्याला 'किमर्थम्' शिकविले. त्याने बाजारातून 'कामून' उचलले आणि ते शस्त्रासारखे वापरले. घंटा आधी वाजवायची कामून? जेवताना ताटाभोवती पाणी कामून? चित्रे छापण्यासाठी त्याने रसवंतीवाल्याकडून उसाचा जुना चरक आणला, तेव्हा त्याच्या दोन रुळांमध्ये घालण्यासाठी लोकरी वस्त्राची गरज पडली. ती त्याने माझ्या सोवळ्याच्या धाबळीवर भागविली. मी संतापून ती परत आणायला माडीवर गेलो, तर म्हणतो, "लोकर तर शुद्धच असती म्हणता न्हवं? मग रागावता कामून?" शास्त्रार्थात मी हरलो आणि धाबळी कायमची शाईची झाली.

आरशाचा इतिहास असा. पत्र्यावर जे सरळ कोरावे ते कागदावर उलटे उमटते. त्याच्या देशात याची कोणी फिकीर करीत नसावे, कारण येथल्या पहिल्या चित्रात त्याने आमचा रस्ता जसा दिसला तसाच कोरला. एक मंत्री येणार होते. त्यांना भेट देण्याजोगे काही नगरपालिकेला हवे होते. अध्यक्षांनी सभा भरविली, चित्रावरचा रेशमी रुमाल ओढला, आणि सभागृहात हाहाकार झाला.

"शास्त्रीजी, बगा की वो!" लिंगप्पा ओरडले. "माझं दुकान रस्त्याच्या त्या अंगाला गेलं! गिऱ्हाईक आता कुणाच्या दारात जायलंय?"

दवाखाना डॉक्टरांच्या वैऱ्याच्या जागेवर गेला होता. देवळातील भाविक देवाला डावी घालून फिरत होते. चित्र किती नाजूक आहे, कमानीखालची सावली कशी ओलसर वाटते, याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. जो तो आपल्या पाटीवरील उलटी अक्षरे वाचण्यासाठी मान वाकडी करून उभा होता.

"छाप उलटाच पडतो," एटण्णा म्हणाला. "आमच्याकडं कुणी इचारत न्हाई."

"ते तुमचं गाव," अध्यक्ष म्हणाले. "हे आमचं गाव हाय."

"माझं बी हेच गाव."

सभा खो खो हसली. "व्हय, व्हय! पण खरं गाव सांगा की!"

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दाढीचा आरसा उचलला आणि बाजारात पाठ करून बसला. आरशात उलटे पाहायचे, म्हणजे कागदावर सुलटे उमटते. बिदरने चित्राकडे पाहून 'हे आमचे' म्हणावे, आणि मग एकदा काढणाऱ्याकडे पाहूनही तेच म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने कधी बोलून दाखविली नाही. पण 'गाव कोणतं' असे कोणी विचारले की तो "हेच की" म्हणे आणि समोरच्याचे हसू संपेपर्यंत वाट पाही.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी देवळालगतच्या बारवेत तर्पण करीत होतो. एटण्णा पायरीवर बसून पाहत होता. माझे आटोपल्यावर शस्त्र निघाले.

"जानवं आज उजव्या खांद्यावर कामून?"

"याला अपसव्य म्हणतात. एरवी ते डाव्या खांद्यावर. पितरांसाठी उजव्या; तोंड दक्षिणेला, आणि पाणी बोटांवरून नव्हे, अंगठ्याच्या बाजूने."

"आन् ज्यांना कुणीच न्हाई त्यांना?"

"त्यांच्यासाठीही मंत्र आहे. त्यांनाही पाणी पोचते."

"फ्रान्सचा माणूस असला तरी?"

"पाण्याला पारपत्र लागत नाही," मी म्हणालो. विनोद बरा साधला असे मला वाटले. तो मात्र बारवेच्या पाण्याकडे पाहत राहिला.

पुढे दुसरे चित्र पुरे झाले. चरकातून निघाल्यामुळे त्याला उसाचा मंद गोड वास होता आणि एका कोपऱ्यात मुंगी छापली गेली होती. बाकी सारे यथास्थित. लिंगप्पांनी पाटी वाचली, डॉक्टरांनी दवाखाना मोजला, भाविक उजवे फिरत आहेत याची अध्यक्षांनी खात्री केली.

"पाहुण्यांनी आमचं बिदर झ्याक काढलं!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मंत्री आलेच नाहीत. चित्र कार्यालयात लागले आणि काही दिवसांनी त्याच खिळ्याला, त्याच्यावर, एक कॅलेंडर लटकू लागले.

'पाहुण्यांनी' हा शब्द ऐकताना एटण्णा खाली पाहत होता, एवढे मला आठवते.

एक छाप त्याने मला आणून दिला. चित्रात बारवेच्या पायरीवर उभा असलेला मी स्पष्ट ओळखू येत होतो. आणि माझे जानवे उजव्या खांद्यावर होते! गावात सर्वांना सुलटे करून याने मला एकट्याला नित्याचे अपसव्य लावले होते. भिंतीवर बारमाही श्राद्ध! इतकी वर्षे टाळलेला शब्द माझ्या तोंडून निसटला.

"अहो, कामून?"

"आरसा चुकला, शास्त्रीजी," तो म्हणाला, आणि पुढे काहीही न विचारता माडीवर निघून गेला.

एका उन्हाळ्यात तापाचे निमित्त होऊन एटण्णा गेला. त्याच्या देशातून कळले की नातलग असे कोणी सापडत नाही. ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पोचवायला लिंगप्पा होते, मी होतो, आणि रसवंतीवाला होता.

घरी येऊन मी ते चित्र पुढ्यात घेतले. दुकानाची पाटी सरळ वाचता येत होती. देवळाच्या पायऱ्या होत्या त्याच बाजूला होत्या. चित्रातल्या माझ्या डाव्या हातात तांब्या होता, उजवा हात पुढे होता. आरसा चुकता तर हातही फिरले असते. तोंड दक्षिणेकडे होते, आणि केसासारख्या एका रेघेने पाणी पडत होते, अंगठ्याच्या बाजूने.

आरसा चुकला नव्हता.

सर्वपित्रीला मी बारवेत उतरलो. वडील, आजोबा, पणजोबा झाले, गुरू झाले. मी थांबलेला पाहून पायरीवरून लिंगप्पांनी विचारले, "आता कुणाला पाणी सोडायलाव, शास्त्रीजी?"

"एटण्णाला."

"त्याला गोत्र कुठलं वो?"

"ज्याचे ठाऊक नसते त्याचे काश्यप."

लिंगप्पांच्या घरी श्राद्धतर्पण मानीत नाहीत. तरी त्यांनी चपला काढल्या आणि उभे राहिले.

तर्पणात नाव द्वितीयेत घ्यावे लागते. 'एतियम्'. पहिलीत नाही, पण तृतीयेतून तो एकदाचा सुटला. आणि नावाच्या आधी एक शब्द येतो, जो आयुष्यभर माझ्या ओठांवरून नुसता वाहून गेला होता. त्या दिवशी मी तो सावकाश, स्पष्ट उच्चारला आणि हात अंगठ्याकडे कलता केला.

अस्मत्. आमचा.