आप्पांचा बॉयलर

आमच्या भेस्तानच्या सोसायटीतले आप्पा कुठेही बसण्याआधी जागेला तळहात लावून पाहतात. बाकाला, ओट्याला, एकदा तर माझ्या बैठकीच्या नव्याकोऱ्या फरशीला. मग गंभीरपणे सांगतात, "साहेब, खाले चालू शे." खाली म्हणजे तळमजल्यावरच्या भाडेकरूकडे नव्हे, पृथ्वीच्या पोटात.

आप्पा मूळ धुळ्याकडचे. सारी उमर एका डाइंग मिलच्या बॉयलरवर गेली. रिटायर झाल्यावर टीव्हीवर ज्वालामुखी पाहिला आणि पृथ्वीचा चार्ज त्यांनी स्वतःकडे घेतला. शिलारस म्हणजे भट्टी, ज्वालामुखी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. कुठे उद्रेक झाल्याची बातमी आली की म्हणणार, "ऑपरेटर झोपेल व्हता." बँकेतून दमूनभागून यावं तर हे जिन्यात लाव्हारसाची ताजी परिस्थिती सांगायला उभे. मी 'हो, हो' करत कुलूप उघडतो. वाद घालायला अंगात त्राण हवं ना.

माझी मुलगी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. तिला एकदा राहवलं नाही. "आप्पा, आपल्याकडचा शिलारस कधीच वर येऊन थिजला. हा काळा दगड म्हणजे तोच. उनाईच्या गरम झऱ्याचं पाणी खोल जातं आणि जमिनीतल्या उष्णतेनं तापतं. भट्टी वगैरे नाही."

आप्पांचा चेहरा पडला. "भट्टी नही? मंग ते पानी बंद तर नही पडनार ना?"

"नाही हो, इतक्यात कशाला पडेल," ती म्हणाली, तेव्हा कुठे ते उठले.

मागच्या रविवारी त्यांनी माझी गाडी मागितली. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, आता बसमध्ये चढवत नाही म्हणाले. हातचा रविवार गेला म्हणून मी चरफडतच निघालो. वाटेत कळलं ते असं. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची जाणीव गेली. डॉक्टरांनी हात टेकले. पण एकदा उनाईच्या कुंडात त्या म्हणाल्या होत्या, "ऊन लागस." त्या हाताला पाणी गरम लागलं होतं. तेव्हापासून आप्पा दर महिन्याला त्यांना तिथे नेतात. हे पंधरा वर्षं शेजारी राहूनही मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

कुंडावर आप्पांनी आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला, मग काकूंचा उजवा हात हलकेच पाण्यात धरला.

"ऊन लागस का?"

काकू पाण्याकडे बघत राहिल्या. आप्पांनी पुन्हा विचारलं. काकूंनी मान हलवली, नाही म्हणून.

आप्पांनी तो हात बाहेर काढला आणि रुमालानं एकेक बोट पुसलं. "आज पानीच गार शे वं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "नही का, साहेब?"

मी पाण्यात बोटं घातली. चांगलाच चटका बसला.

बोटं पाठीमागे घेत मी म्हणालो, "हो काकू, आज गारच आहे."