उडत्या घोड्याचा पंचनामा

नानांच्या घरी दूध नासलं तरी पंचनामा होतो. टेंभुर्णीत माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून पंच कायम मीच. नाना तलाठी होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, सवय काही रिटायर झाली न्हाई. न पाहता पंचनामा लिहून मागितला म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला दारातून परत लावलं होतं. मेव्हणा अजून बोलत न्हाई, नानांना त्याचं काही वाटत न्हाई.

दिवाळीला पुण्याची नात आल्ती, नऊ वर्षांची चिऊ. एक जादूचं पुस्तक अर्धवट वाचून इथंच विसरून गेली. फोनवर म्हणाली, "नाना, पुढचं तुम्ही वाचा आणि मला सांगा." झालं. नाना चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं.

"ही चेटकीण जंगलात महाल बांधून राह्यली. जमीन वन खात्याची. परवानगी कुठंय?"

"नाना, गोष्ट हाय ती."

"गोष्टीत अतिक्रमण चालतं का?"

उडत्या घोड्यावर तर त्यांचा भारी राग. सात डोंगर ओलांडतो, अन् चाऱ्याचा कुठं उल्लेखच न्हाई. पण रोज संध्याकाळी चिऊला फोन करून घोडा कुठवर पोचला ते बराबर सांगायचे. पोरगी खुदखुदायची. उन्हाळ्यात आजी गेली, तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती. त्या हसण्यापायी मीही दुकान सोडून ऐकत बसायचो.

परवा नानांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला.

"आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, घोडा डोंगरापलीकडं जिवंत मिळून आला. पंखास किरकोळ इजा. चारा खात होता. पुस्तकाची शेवटची चार पानं उंदरांनी खाल्ली आहेत."

मी पुस्तक उघडलं. पानं शाबूत होती. शेवटच्या पानावर घोडा मेलेला होता.

"नाना, हे खोटंय."

"बिलकुल खोटंय." ते खाली बघत म्हणाले, "पोरीनं यंदा आजीला जाताना पाह्यलं. आता घोडा कशाला मारायचा? याचा फोटो पाठवायचाय तिला. तुझी सही पाह्यजे."

मी सही केली.

मंग नानांनी कात्री घेतली, अन् ती चार पानं उंदरानं कुरतडल्यागत कापायला लागले. पुस्तक सरकत होतं, म्हणून ते मी धरलं.