शीतगडीं वारा कोंडला त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने घरचे मीटर फिरते आणि फ्यूज शाबूत राहतो, त्या विद्युन्नारायणास प्रथम नमन, आणि मग गणरायास. क्रम चुकला हे खरे, परंतु वीज जाण्याचे भय मोठे, गणराय समजून घेतील. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा कोणी तरी तापणार हे ठरलेलेच होते. तापले ते यंत्र, आणि त्यापायी एक थोर राज्य बुडता बुडता वाचले, त्याची हकीकत यथामती लिहितो. लिहिणाराचे नाव पुसू नये. त्या घरचा चहा उत्तम असतो आणि तो पुढेही मिळावा ऐसी इच्छा आहे.

राज्याचे नाव सांगावयाचे नाही. तिसरे मजल्यावर दोन खोल्या, एक दिवाणखाना आणि पूर्वेस गॅलरी, ऐसा मुलूख. गादीवर आबासाहेब, सरकारी कचेरीतून निवृत्त, सांगितले काम अक्षरशः करणारे; एकदा साहेब ‘खुर्ची धरा’ म्हणोन गेले तो साहेब परत येईतोवर खुर्चीचे दोन्ही हात धरून उभे राहिले, ऐसी ख्याती. त्यांच्या राणीसाहेब माईसाहेब, यांचा पहारा शब्दांवर. त्या राज्यात कुंकू संपले म्हणावयाचे नाही, वाढले म्हणावे. दिवा विझवला म्हणावयाचे नाही, शांत केला म्हणावे. आणि उंबरा ओलांडताना जातो म्हणावयाचे नाही, येतो म्हणावे. जो चुकला त्यास परत आत बोलावून, पाणी पाजून, पुन्हा नीट म्हणावयास लावीत. युवराज निनादराव, आणि त्यांच्या पत्नी ऋजुताबाई. ऋजुताबाईंनी नोकरी सांभाळून, वर्षभर सुट्ट्या मोडून, एक पाल आणि एक ट्यूबलाईट यांचे मैत्रीची चित्रफीत हाताने रेखिली होती. ती एके चित्रपटोत्सवास पाठवावयाची, आणि उत्सवाची वेस दसऱ्याचे सायंकाळी सहास बंद होणार. जुना लॅपटॉप तिचे वजन पेलेना, म्हणोन बाई एका मैत्रिणीचे स्टुडिओत काम देणार होत्या, तो निनादराव मध्ये पडले आणि छातीवर हात ठेवून बोलिले, “कशाला कुणाचे पाय धरायचे? मी स्वतः मशीन बांधतो. दोन तासांत तुझी फिल्म बाहेर!” बाईंनी विश्वास ठेविला. येथून कथेस आरंभ.

मग निनादरावांनी ऑनलाईन पेठेतून एकेक सरदार मागविला. प्रोसेसर नामे सरदार बुद्धीने अचाट परंतु डोक्याने तापट. ग्राफिक्स कार्ड नामे सरदार चित्रे काढण्यात प्रवीण परंतु वीज खाण्यात खादाड. आणि त्या दोघांचे डोके थंड राखण्यास सहा पंखे, सहाही रंगीत दिव्यांचे. कॅबिनेट म्हणजे तो पत्र्याचा पेटारा, त्यास एका अंगी काच, त्यास शीतगड ऐसे नाव ठेविले. नवमीस जुळणी आरंभिली. निनादराव टेबलाखाली शिरून, तारा दातांत धरून, गडाचे पाठीशी. आणि आबासाहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन गडाचे तोंडाशी, कारण घरात दुसऱ्याचे हाती स्क्रूड्रायव्हर देण्याचा रिवाज नाही. युवराजांनी आधी नीट समजाविले की, “आबा, येतो म्हटलं की पंखा हवा आत घेणारा लावायचा, आणि जातो म्हटलं की गरम हवा बाहेर टाकणारा. त्याप्रमाणे तोंड फिरवा.” आबासाहेब म्हणाले, “कळलं.” आणि खरेच कळले होते, हेच संकट जाहले. पुढील तीन पंखे येतो, येतो, येतो ऐसे बसले. मग आबासाहेबांनी चौथा उचलिला आणि पुसिले, “मागचा?” टेबलाखालून आवाज आला, “जातो.” त्यासमयी माईसाहेब झेंडूची परडी घेऊन येत होत्या, त्या जागीच थबकल्या आणि बोलिल्या, “नवमीचा दिवस, नवी वस्तू, आणि जातो काय म्हणतोस? येतो म्हण!”

“आई, मी पंख्याबद्दल बोलतोय.”

“पंखा असला म्हणून काय झालं? घरचाच आहे ना?”

युवराजांचे दातांत तारा, मानेत कळ, वाद कोण घालितो. “बरं बाई, येतो,” ऐसे म्हणाले. आबासाहेबांनी “मागचा येतो” ऐसा उच्चार करून मागचा पंखा फिरविला आणि आत फुंकणारा बसविला. “वरचे दोन?” तो उत्तर आले, “जा... येतो, येतो!” आणि तेही तैसेच बसले. आबा समजून घेतील ऐसे लेकास वाटले, लेकाने विचार करूनच सांगितले असेल ऐसे बापास वाटले. याप्रमाणे सहाही पंखे आत हवा घेणारे जाहले आणि बाहेर टाकणारा एकही उरला नाही. हे युवराजांचे ध्यानी यावे तो दिवे लागले, आणि मोरपंखी ठेवावे की अबोली या मसलतीत ते इतके गुंतले की वारा कोणीकडे वाहतो हे पाहावयाचे राहिले. हा सर्व प्रसंग शेजारचे नाडगौडाकाका दारातून पाहत होते. हे गृहस्थ परम सज्जन आणि मितभाषी. केवळ दोन झेंडूची फुले मागावयास आले होते.

दुसरे दिवशी दसरा. माईसाहेबांनी शीतगडास हळदकुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेविले, आणि ऋजुताबाईंनी रेंडर आरंभिले, म्हणजे हजारो चित्रे एकत्र गुंफून त्यांची एक फिल्म करणे; यात यंत्राचा जीव निघतो. आरंभ झाला तोच सहा पंखे गर्जना करू लागले आणि तापाचा आकडा सत्तर, ऐंशी, नव्वद ऐसा चढत गेला, आणि शंभरास टेकणार तो यंत्राने डोळे मिटले. सर्व अंधार. पुन्हा चालू केले, पुन्हा तेच. मग उपाय सुरू जाहले. निनादरावांनी दिवे निळे केले, की निळ्याने थंड वाटते. वाटले कोणासच नाही. माईसाहेबांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढिली. आबासाहेब ओला पंचा घेऊन धावले, त्यांस दोघांनी धरून मागे आणिले. ऋजुताबाई म्हणाल्या, “ती काच काढून तर बघ.” तो युवराज म्हणाले, “काच काढली की हवेचा मार्ग मोडतो. यामागे शास्त्र आहे.” ज्या गडास हवेचा मार्गच नव्हता त्याचे मार्गाविषयी हे भाषण, आणि तेही मान ताठ करून! बखरकाराचे हाती असते तर दोन शब्द सुनावले असते. वर्षभराची पाल आणि वर्षभराची ट्यूबलाईट त्या पेटाऱ्यात उकडत होती, आणि बाई नुसत्या ओठ चावून घड्याळ पाहत होत्या. भांडल्या असत्या तर युवराजांस बरे वाटले असते. शेवटी हळूच इतकेच बोलिल्या, “तू म्हणालास म्हणून मी मैत्रिणीला नाही सांगितलं.” तेव्हा निनादरावांचा चेहरा पडला तो ऐसा, की दिवे निळे होते हेही त्यांस दिसेना.

इतक्यात नाडगौडाकाका सोने द्यावयास आले. आपट्याचे पान दिले, चहा घेतला, चिवडा घेतला, गुडघ्याची हकीकत सांगितली, आणि मग उठून “बरंय, येतो,” म्हणाले आणि दारात उभे राहून भाच्याचे पुण्यातील लग्न सांगू लागले. मग पुन्हा “चला, येतो,” म्हणाले आणि चौकटीस टेकून पाणी कमी येते ते सांगितले. मग चप्पल घालून तिसरेंदा “येतो हं,” म्हणाले आणि चप्पल काढून आत आले. ऋजुताबाईंचा धीर सुटला. नवऱ्याचे कानाशी लागून दातओठ खात म्हणाल्या, “नुसते येतो येतो करतात, जात कुणीच नाही!” आणि बोलता बोलता थांबल्या. आपलेच शब्द आपल्यास ऐकू आले ऐशा उभ्या राहिल्या. मग काकांनी दिलेले आपट्याचे पान उचलिले आणि यंत्राचे पाठीमागे जाळीपाशी नेले. गरम वाऱ्याने ते उडावयाचे, तो ते सपकन जाळीस चिकटले. वर नेले, तेथेही चिकटले. बाईंनी विचारिले, “आबा, हा मागचा पंखा कसा लावलात?”

“येतो लावला. निनाद येतो म्हणाला.”

“मला आईनं म्हणायला लावलं.”

सर्वांनी माईसाहेबांकडे पाहिले. माईसाहेब परडीतली फुले सारखी करू लागल्या. मग म्हणाल्या, “मी चांगल्यासाठीच म्हटलं ग.” ऋजुताबाईंचे डोळे भरले होते तरी त्यांस हसू फुटले, आणि त्या म्हणाल्या, “माई, तीन पंख्यांना जाऊ द्यावं लागेल. नाही तर माझी पाल मरेल.” माईसाहेबांनी देवापुढे साखर ठेविली, एक श्वास घेतला, आणि उभा जन्म जो शब्द आपणहून तोंडी येऊ दिला नव्हता तो सुनेसाठी उच्चारिला: “मागचा जातो. वरचे दोन्ही जातो. अहो, घ्या तो तुमचा स्क्रूड्रायव्हर.” काच निघाली, शास्त्र कोणी काढिले नाही, तीन पंखे उलटे फिरविले, रेंडर पुन्हा आरंभिले, आणि गडाचे पाठीतून उकळता वारा ऐसा सुटला की तेथे उभ्या नाडगौडाकाकांचे चष्म्यास वाफ धरली. आकडा नव्वदावरून उतरत उतरत साठीस आला आणि तेथेच मुक्काम करून राहिला. सर्व मंडळी पडद्यापुढे बसली. कोणी बोलेना. काकाही बोलेनात, हे त्या राज्यात प्रथमच घडले.

सहास थोडा अवकाश असता फिल्म पुरी जाहली, बाईंनी पाठविण्याचे बटण दाबिले, आणि हिरवी रेघ सरपटत सरपटत शेवटास पोचली. युवराज उडी मारून ओरडले, “गेली! गेली! ऋजुता, गेली!” स्वयंपाकघरातून माईसाहेबांचा आवाज आला, “अरे, गेली काय म्हण...” आणि तो आवाज मध्येच थांबला. मग पदरास हात पुशीत त्या दारापाशी आल्या, सुनेकडे पाहिले, आणि बोलिल्या, “गेली ना? बरं झालं बाई. जाऊ दे, सुखरूप जाऊ दे.”

तात्पर्य, फिल्म गेली, गड थंड जाहला, निनादरावांनी पत्नीसमोर कान धरिले, आणि त्या राज्यात जातो हा शब्द पंख्यांपुरता माफ जाहला, माणसांस अद्याप मनाई आहे. बखरकारास ही हकीकत इतकी बारीक कैसी ठाऊक, ऐसे कोणी पुसेल. तर दारात पुष्कळ वेळ उभे राहिले असता पुष्कळ दिसते. असो. दुसरा चहा टाकला आहे ऐसे कळते, तो घेऊन लेखन पुरे करितो. बरंय मंडळी, येतो.