पिंपळखुट्यांची लक्ष्मी

भय्यासाहेब पोतनीसांनी चातुर्मासाच्या पहिल्याच दिवशी घरात जाहीर करून टाकलं, की यंदा पोथी ते स्वतः वाचणार, स्वतः समजून घेणार, आणि एकाही शब्दाचा अर्थ विचारायला शेजारच्या शास्त्रीबुवांकडे जाणार नाहीत. मागच्या वर्षी एका शब्दासाठी शास्त्रीबुवांनी त्यांना पाऊण तास बसवून ठेवलं होतं आणि शेवटी दुसऱ्याच शब्दाचा अर्थ सांगितला होता.

"आता सगळं नेटवर आहे," ते वसुधाताईंना म्हणाले. "पोथी नेटवर, शब्दकोश नेटवर. माणसाला फक्त डोकं पाहिजे."

"ते पण नेटवर मिळते काय?" वसुधाताईंनी कणीक मळता मळता विचारलं.

भय्यासाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मुलीने, म्हणजे अपूर्वाने, नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना त्यांना दिला होता. त्यावर त्यांनी पोथीचं पान उघडलं आणि शब्दांचा अर्थ दाखवणारं एक एक्स्टेंशन शोधून ब्राउझरला जोडलं. कुणाची मदत न घेता. जोडताना समोर चार चौकटी आल्या. 'सर्व पानांवर चालू ठेवा.' 'जुने व संस्कृत शब्द ओळखा.' 'शब्द काढून त्या जागी अर्थ लिहा.' 'आपण लिहीत असतानाही बदला.' पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला रिकामी चौकट बघवत नाही. भय्यासाहेबांनी चारही चौकटींत खूण केली.

मग त्यांनी पोथी उघडली आणि थक्क झाले. कठीण शब्द कुठे दिसेच ना. सगळी पोथी कालच्या पेपरसारखी सरळ. दोन दिवसांत तीन अध्याय झाले. तिसऱ्या दिवशी त्यांना एक्स्टेंशनची आठवणही राहिली नव्हती.

"इतकी सोपी पोथी," ते म्हणाले, "आणि लोक उगाच शास्त्रीबुवांचे पाय धरून राहिले."

त्याच आठवड्यात स्थळं सुचवणाऱ्या खमरियाच्या लीलाबाईंचा फोन आला. नागपूरचं एक स्थळ आहे, आडनाव पिंपळखुटे, माणसं चांगली, मुलगा इंजिनिअर. त्यांनी ईमेलचा पत्ता दिला आणि दोन्हीकडच्यांनी माहिती पाठवावी असं ठरलं. अपूर्वा एकोणतीस वर्षांची, दातांची डॉक्टर, जबलपूरच्याच गोरखपूर भागात तिचं स्वतःचं क्लिनिक. चार स्थळांना तिने बसल्या जागी नकार दिला होता. या वेळी मात्र क्लिनिकला निघता निघता म्हणाली, "चलो, बघू या. पण बाबा, आधी सगळी चौकशी तुम्ही करा. मग मला सांगा."

वसुधाताईंनी देवापुढे साखर ठेवली. मुलगी 'बघू या' म्हणाली, हे त्या घरात पहिल्यांदा घडत होतं.

भय्यासाहेब लगेच माहिती लिहायला बसले. त्यांची टाइप करण्याची पद्धत अशी, की मान खाली, एक बोट, आणि नजर फक्त अक्षरांच्या बटणांवर. पडद्याकडे बघितलं की अक्षर हरवतं. पाऊण तासाने त्यांनी एकदाच मान वर केली, पाठवायचं बटण दाबलं आणि खांदे चोळले.

संध्याकाळी नागपूरची माहिती आली. वसुधाताई कुकरपाशी होत्या, म्हणून भय्यासाहेबांनी मोठ्याने वाचायला घेतली.

"मुलाचे नाव," भय्यासाहेबांनी वाचलं आणि थांबले. "ज्याला तोड नाही असा."

"नाव काय आहे?"

"नाव लिहिलंच नाही. नुसतं कौतुक."

"एकुलता एक असेल," वसुधाताई म्हणाल्या. "असते आईबापांना. पुढे वाचा."

"वडिलांचे नाव, लक्ष्मीचा पती." भय्यासाहेबांनी चष्मा पुसला. "बायकोच्या नावाने ओळख सांगून राहिले."

"वा. काय वाईट आहे त्यात? तुम्ही कधी सांगितली?"

"आईचे नाव," भय्यासाहेब पुढे वाचायला गेले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लाजाळू बाई."

कुकरची शिट्टी झाली. मग वसुधाताई गॅस बंद करून बाहेर आल्या.

"लक्ष्मी म्हणून जर बायको आहे," त्या हळूच म्हणाल्या, "तर मग ही लाजाळू बाई कोण?"

दोघांनी खूप विचार केला. जितका विचार केला तितकं एकच उत्तर येत होतं. पहिली लक्ष्मी. ती कुठेतरी असणार, आणि कागदावर अजून तीच बायको असणार, म्हणून वडिलांना तसं लिहावं लागलं. मुलगा दुसरीचा. आणि दुसरीचं नाव लिहायची पंचाईत, म्हणून ते गाळून नुसता स्वभाव लिहिला. बिचारी.

"अपूर्वाला आत्ता सांगायचं नाही," भय्यासाहेबांनी ठरवलं. "आधी मी विचारून घेतो. असल्या गोष्टी ईमेलवर लिहायच्या नसतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"पिंपळखुट्यांचं घर का?"

"हो. मी मिसेस पिंपळखुटे बोलून राहिली."

"कोणत्या?"

"कोणत्या म्हणजे?"

"म्हणजे लक्ष्मीबाई, की..."

"कोण लक्ष्मीबाई?"

"अच्छा," भय्यासाहेब शक्य तितक्या मृदू आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही दुसऱ्या. मी जबलपूरहून पोतनीस. हे बघा, आमच्या मनात काही नाही. तुमच्या मिस्टरांनी सरळ लिहिलंय की ते लक्ष्मीचे पती आहेत, त्या मोकळेपणाचं मला कौतुकच वाटलं. फक्त त्या बाई सध्या कुठे असतात, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

नागपूरला मागे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"मी विचारून सांगते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या हो?" वसुधाताईंनी विचारलं.

"लाजाळूच आहेत," भय्यासाहेब म्हणाले. "जास्त बोलल्या नाहीत."

तीन दिवसांनी नागपूरहून दोन ओळींची मेल आली. आम्ही तिघं रविवारी येत आहोत, काही गोष्टी समोरासमोर स्पष्ट झाल्या पाहिजेत. खाली सहीच्या जागी लिहिलं होतं, लाजाळू बाई.

"पहा, सहीसुद्धा तशीच करतात," वसुधाताई हळहळल्या. "नाव लिहायची सोय नाही ठेवली त्या बापड्याने." त्यांनी त्या बाईंसाठी साडी काढून ठेवली. आणि लक्ष्मीबाई ऐन वेळी आल्याच तर पंचाईत नको, म्हणून आणखी एक.

रविवारी सकाळी अकरा वाजता गाडी दारात उभी राहिली. आधी बाई उतरल्या. उंच, धिप्पाड, हातात मोठी पर्स. त्यांनी फाटक असं उघडलं की कोपऱ्यातली मांजर भिंतीवर गेली. त्यांच्यामागून चष्मा लावलेला, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा. सगळ्यात शेवटी वडील उतरले. चार रात्री झोप न झालेल्या माणसासारखे ते हळूहळू चालत आले आणि बैठकीत दाराजवळची एकटी खुर्ची धरून बसले.

वसुधाताईंनी पोहे आणि खव्याची जलेबी आणली. वडिलांनी जलेबीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.

इतक्यात अपूर्वा आतून आली. "नमस्कार, मी अपूर्वा."

मुलगा एकदम सरळ बसला. "अच्छा, म्हणजे तुम्हाला नाव आहे."

"नाव काहून नसेल?"

"नाही म्हणजे, तुमच्या माहितीत लिहिलं नव्हतं." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून तिला दिला. "मी खरं म्हणजे ह्याच्यासाठीच आलो. असं लिहिणारं घर बघायचं होतं."

अपूर्वाने कागद उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. "मुलीचे नाव, पूर्वी कधीही न झालेली. वडील, भय्यासाहेब, खजिन्याचा कारकून. आई, जमीन." ती थांबली. वसुधाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. "रास, बैल. नक्षत्र, तांबडी गाय. नाडी, शेवटची."

"ते वाचून मी घाबरलेच," बाई म्हणाल्या. "म्हटलं मुलीची तब्येत बरी आहे ना."

"बाबा, हे काय आहे?"

"मी असं लिहिलं नाही," भय्यासाहेब म्हणाले. "आणि माझं सोडा, ह्यांनी काय लिहिलं ते बघ. मुलाचं नाव लिहायच्या जागी ज्याला तोड नाही असा."

"माझं नाव अनुपम आहे," मुलगा म्हणाला.

अपूर्वा क्षणभर उभी राहिली. मग आतून लॅपटॉप घेऊन आली, पडद्याकडे बघितलं, दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि तोंडावर हात ठेवून खाली बसली. हसू आवरल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं. बाबांनी पोथीसाठी बसवलेलं एक्स्टेंशन पोथी सोडून साऱ्या जगाचे अर्थ लावत सुटलं होतं. येणाऱ्या मेलचे आणि जाणाऱ्या मेलचेही. अनुपम म्हणजे ज्याला तोड नाही. वसुधा म्हणजे जमीन. पोतनीस म्हणजे खजिन्याचा कारकून.

"काका, तुमचं नाव?" तिने दाराजवळच्या खुर्चीला विचारलं.

"श्रीकांत," तिकडून क्षीण आवाज आला.

"श्री म्हणजे लक्ष्मी. श्रीकांत म्हणजे लक्ष्मीचा पती. आणि काकू शर्मिला असतील."

"शर्मिलाच आहे मी."

"झालं तर. लाजाळू बाई."

वसुधाताईंनी डोळ्यांना पदर लावला, हसून की सुटकेने ते त्यांनाही कळलं नाही. अनुपम तर पोटाला हात लावून हसत होता. भय्यासाहेबांनी उठून शर्मिलाबाईंसमोर हात जोडले. "फोनवर मी जे बोललो त्याची माफी मागतो. लक्ष्मी म्हणून कुणी नाहीच आहे. नुसता शब्दाचा अर्थ होता तो."

सगळे हसले. शर्मिलाबाई हसल्या नाहीत. त्या सावकाश दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या.

"लक्ष्मी कुणी नाहीच आहे," त्या म्हणाल्या. "मग बुधवारी तुम्ही मला सांगितलं ती अकोल्याची लक्ष्मी कोण?"

श्रीकांतरावांनी नुकतीच धीर करून जलेबी उचलली होती. ती त्यांनी परत ठेवली.

"तू विचारलं ना," ते म्हणाले. "एकदम समोर येऊन विचारलं, लक्ष्मी कोण. वरून म्हणाली, जबलपूरच्या लोकांना सगळं माहीत आहे. मला वाटलं, आता लपवून काय करता."

"म्हणून दहा मिनिटांत सगळं ओकले. बघायला गेले होते, पत्रिका जुळली नाही, तिने दोन पत्रं लिहिली."

"एकच," श्रीकांतराव म्हणाले.

"दोन सांगितली होती बुधवारी."

भय्यासाहेबांनी पोह्यांची ताटली सगळ्यांपुढे फिरवली. अनुपम आणि अपूर्वा गच्ची बघायला म्हणून उठले आणि तासभर खाली आले नाहीत. त्यांचं हसणं मात्र जिन्यावरून खाली येत होतं. शर्मिलाबाईंनी ते कान देऊन ऐकलं, दोन जलेब्या खाल्ल्या आणि निकाल दिला.

"आम्हाला मुलगी पसंत आहे. ह्यांचं मी घरी गेल्यावर बघते."

निघताना वसुधाताई शर्मिलाबाईंना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. श्रीकांतराव जरा मागे रेंगाळले आणि त्यांनी भय्यासाहेबांचा दंड धरला.

"तेहतीस वर्षं झाली, पोतनीस," ते हळूच म्हणाले. "झोपेतसुद्धा ते नाव तोंडातून जाऊ दिलं नाही मी. कोणतं म्हणाले ते तुमचं एक्स्टेंशन?"

"पोथी वाचायचं," भय्यासाहेब खाली मान घालून म्हणाले.

"विकत घेतलं?"

"नाही हो. फुकटात मिळालं."

"वाटलंच," श्रीकांतराव म्हणाले, आणि कुणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसले.