तांबोळी सर आणि नव्वद अंश

जर्नलमध्ये नव्वद हा आकडा दिसला की आमचे तांबोळी सर ते तिथल्या तिथे मिटतात आणि समोरच्या मुलाला विचारतात, "कॉइल कुठून आणलीत? स्वर्गातून?"

लोणी काळभोरच्या पुढे उसाच्या शेतात जे एक इंजिनिअरिंग कॉलेज उगवलंय, तिथे सर इलेक्ट्रिकलची प्रयोगशाळा सांभाळतात. मी तिथे 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवते, म्हणजे ज्या तासाला मुलं पुढच्या तासाचं सबमिशन लिहितात तो विषय. नव्वदाची भानगड मला सरांनीच कॉलेजच्या बसमध्ये समजावली. कॉइलला एसी व्होल्टेज दिलं की करंट जरा मागे रेंगाळतो. कॉइल अगदी शुद्ध असेल तर बरोबर नव्वद अंश मागे. पण तार म्हटली की तिला रेझिस्टन्स आलाच, त्यामुळे खरा कोन नव्वदच्या आतच राहतो. आमच्या लॅबमधली म्हातारी कॉइल तर सत्तरच्या पुढे जात नाही. मुलं मात्र सीनियरच्या जर्नलमधून वर्षानुवर्षं नव्वद उतरवतात.

"अहो, ढापायचंच तर एकोणसत्तर लिहा," सर म्हणतात. "निदान अक्कल तरी दिसेल."

हा संशय त्यांनी लॅबमध्येच ठेवला असता तर बरं होतं. नारायण पेठेत त्यांच्या घराखालचा दुकानदार तूप शंभर टक्के शुद्ध असल्याचं सांगतो, तेव्हा सर विचारतात, "मोजलंत कशावर?" स्टाफरूममध्ये एक बाई भाचीसाठी पाहिलेल्या स्थळाचं कौतुक करत होत्या. मुलगा शंभर टक्के निर्व्यसनी! सर पेपर तपासता तपासता म्हणाले, "म्हणजे अजून सप्लाय चालू केलेला नाही." मूल्यांकन समितीसमोर प्राचार्यांनी शंभर टक्के निकालाची घोषणा केली, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "मीटर बदला." समिती हसली. प्राचार्य हसले नाहीत, आणि सरांची बढती तेव्हापासून रखडली आहे.

पत्नी गेल्यापासून सर घरी एकटेच असतात. मुलगी नसरीन जर्मनीत पीएचडी करते. मागे सरांना चक्कर आली तेव्हा ती सगळं सोडून निघालीच होती. रोज दुपारी बीपी मोजून सांगायचं, आणि आकडा बिघडला की ती परत येणार, या अटीवर ती तिथेच थांबली. आता तिचा प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहे.

परवा स्टाफरूममध्ये डबे उघडता उघडता सरांनी दंडाला पट्टा बांधला. यंत्रावर एकशे बाहत्तर आलेलं मी समोरून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. सरांना कमी ऐकू येतं, म्हणून तो नेहमी स्पीकरवर असतो.

"एकशे वीस, ऐंशी," सर म्हणाले.

मी पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं.

"अब्बा, कालही एकशे वीस-ऐंशी. त्याच्या आदल्या दिवशीही. कुणाच्या जर्नलमधून उतरवताय?"

मला हसू फुटलं, पण सरांकडे पाहिलं आणि ते थांबलं. प्राचार्यांना न घाबरणारा हा माणूस कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा टेबलाकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं.

"खरं सांगितलं तर तू सगळं टाकून येशील, बेटा."

"नाही सांगितलं तरी येईन. आज किती आलं?"

सर दंडावरचा पट्टा सोडायला लागले. मी उठून उगीचच पाण्याची बाटली भरायला लागले.

"एकशे बाहत्तर," मागून आवाज आला.

मग ती गोळ्यांचं विचारत राहिली, डॉक्टरांचं विचारत राहिली, आणि सर नुसतं "हो, हो" करत राहिले. शेवटी ती बोलायची थांबली. तेव्हा इतक्या हळू, की मला आधी वाटलं ते स्वतःशीच बोलताहेत, सर म्हणाले, "येतेस का?"