सर्जेराव आबांचे सत्तर सेकंद

आबांना आपल्या गाडीतला एखादा बिघाड सांगायचा असला, की ते मला दंडाला धरून गोठ्यामागं नेतात. गाडी अंगणात उभी असते. तिच्यापासून चांगली वीस पावलं लांब आल्यावर इकडंतिकडं बघून हळूच म्हणतात, "मास्तर, क्लच घसराय लागलाय. तिच्यासमोर बोलू नगा. ऐकतीया ती."

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. कसबा बावड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. सर्जेराव आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. वय एकसष्ट, दारात तीन म्हशी आणि ही आठशे सीसीची छोटी लाल गाडी. आठशे आपली म्हणायची; आत तेराशेचं इंजिन आहे. एका मोठ्या गाडीचा अपघात झाला, पत्रा भंगारात गेला आणि इंजिन आबांनी उचललं. ते या एवढ्याशा गाडीत बसवायला त्यांना आठ महिने लागले. ते ज्यावर टेकतं ते लोखंड त्यांनी स्वतः कापलं, स्वतः वेल्डिंग केलं, तेही तीनदा. सगळं जमलं आणि बॉनेटच लागेना. मग बॉनेटला भोक पाडून वर दुधाच्या किटलीचं झाकण बसवलं. शाहूपुरीतला एक गॅरेजवाला ते बघून हसला.

"हसा की पावणं," आबा म्हणाले. "तुमच्या फॉरेनच्या गाडीला हाय का असलं?"

गावाबाहेर रेसिंगचा ट्रॅक आहे. काही रविवारी तिथं हौशी लोकांना आपापली गाडी पळवता येते. आबांची एकच इच्छा, पुरी एक फेरी सत्तर सेकंदांच्या आत मारायची. एकदाच. स्टॉपवॉच माझं, त्यामुळं पंचही मीच. वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली, रेडिओ काढला. गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते स्वतःकडं वळले. रविवारी ट्रॅक असला की बुधवारपासून मटण बंद. कोल्हापूरच्या माणसानं याहून मोठा त्याग केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

एकदा पुण्याहून आलेल्या एका हेल्मेटवाल्यानं ते झाकण बघून विचारलं, "काका, दूध घालायला आलात?"

"व्हय," आबा म्हणाले. "तुमचाच रतीब हाय. या सावकाश मागनं."

दुसऱ्याच वळणावर त्यांनी त्याला मागं टाकलं. मी कठड्याला धरून इतका ओरडलो, की दोन दिवस घसा बसला होता. आबा मात्र परत आले ते थेट गाडीखाली. ट्रॅकवरून आल्यावर ऑइल बदलल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. जुनं ऑइल बोटावर चोळतात, वास घेतात, मान डोलावतात.

पण सत्तर काही जमेना. रुंद टायर घातले, ब्रेक बदलले, मोठा रेडिएटर बसवला, तरी दोन वर्षं घड्याळ सत्तर पूर्णांक चारवर अडकलेलं. शेवटी वारणानगरचे एक इंजिनियर, स्वतः अशाच गाड्या बांधणारे, खाली वाकून बघून म्हणाले, "आबा, इंजिन झकास आहे, पण हा सायलेन्सर त्याचा गळा दाबतोय. मोकळा लावा. आवाज बदलेल, पण अर्धा सेकंद जागेवर मिळेल." आणि आपल्याकडचा एक देऊही केला. आबांनी जुना सायलेन्सर बोटानं टकटक वाजवून बघितला. मग म्हणाले, "बघू लावून."

पुढच्या रविवारी ट्रॅकवरच तो चढवला, आणि फेरी एकोणसत्तर पूर्णांक सहा! आबांनी हेल्मेट काढलं, टॉवेलनं डोळे पुसले. "मास्तर, परत बघा. चुकलं असंल." मी घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं. ओळख ना पाळख अशा लोकांनी त्यांना उचलून घेतलं. मी तर गेटवरच्या वॉचमनलाही थांबवून सांगितलं, की ते आमच्या शेजारी राहतात.

आता इथं आमच्या बावड्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीत पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं. भोवती कितीही गाड्या वाजू देत, म्हैस आपल्या घरच्या गाडीचा आवाज ओळखून तिच्याच मागं धावते. आबांच्या पत्नी हौसावहिनींनी त्यांची लाडकी म्हैस हरणी या आठशेमागं पळायला शिकवली होती. काढलेल्या सीटच्या जागी पोतं टाकून त्या बसायच्या, मागचं दार उघडं ठेवून हरणीला हाका मारायच्या आणि आबा गाडी चालवायचे. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. हरणीनं चार दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी आबांनी सहज गाडी चालू केली, तशी ती उठून मागं चालायला लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी आबा मागचं दार उघडं टाकून नदीपर्यंत अगदी हळू गाडी नेतात, आणि मागं हरणी.

त्या रविवारीही संध्याकाळी त्यांनी हरणीला सोडलं आणि गाडी चालू केली. हरणीनं कान हलवले आणि तिथंच उभी राहिली. आबा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, हॉर्न वाजवला, हाका मारल्या. ती लांब रस्त्याकडं बघत होती. तिची गाडी अजून यायची होती.

आबांनी इंजिन बंद केलं. "वळखंना, मास्तर," ते म्हणाले. "हौसाची हाक तर गेलीच. ह्यो आवाज बी गेला, तर हिनं कुणाच्या मागं जायाचं?"

 सायलेन्सर अजून तापलेला होता. तो निवायची वाटही न बघता आबा गाडीखाली शिरले, दोन बोटं भाजून घेतली आणि तासाभरात जुना परत चढवला. गाडी चालू झाली. हरणी आली आणि तिनं उघड्या दारातून तोंड आत घातलं.

पुढच्या ट्रॅकला माझ्या घड्याळात सत्तर पूर्णांक चार. वारणानगरचे इंजिनियर धावतच आले. "आबा, जुना कशाला लावलात परत?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या मास्तरास्नी नव्या आवाजाचा लई तरास हुतो वो. शेजाऱ्याचं बघाय लागतंय की."

इंजिनियरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या पेट्रोलच्या टाकीत साखर टाकली होती. सगळी नोकरी शिट्ट्या आणि कवायतीच्या गोंगाटात काढलेला माणूस मी.

"फार त्रास होतो," मी म्हणालो. "डोकंच उठतं." इतक्या ताठ मानेनं मी आयुष्यात कधी खरंसुद्धा बोललो नव्हतो.